मालिंदीचे दोन स्तंभ

वसंत हा आपल्याकडे व्याख्यानांचा ऋतू आहे, तसाच प्रवासाचाही. परीक्षा संपल्या आणि उन्हे तापली की ज्याला परवडते तो थंड हवेचे किंवा समुद्रकाठचे गाव गाठतो. परत आल्यावर त्याला विचारावे की, बाबा रे, काय पाहिलेस? तो बोटांवर स्थळे मोजून दाखवतो. पाहिले म्हणजे काय केले, तर वाटाड्याने बोट केले तिकडे मान वळवली. आज आम्ही आपणांस अशाच एका हवा खाण्याच्या गावी नेणार आहोत. हे गाव आपल्या किनाऱ्यावरचे नव्हे, समोरच्या किनाऱ्यावरचे आहे. मात्र तेथे आपण वाटाड्याचे बोट जिकडे असेल तिकडे पाहू, आणि जिकडे नसेल तिकडेही पाहू.

गावाचे नाव मालिंदी. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर केनिया देशात, मोंबासा बंदरापासून सुमारे 120 किलोमीटर ईशान्येला, साबाकी नदीच्या मुखाजवळ हे वसले आहे. पांढरी वाळू, पाण्याखाली पोवळ्याचे खडक, माडांच्या रांगा. 1930 नंतरच्या काही वर्षांत येथे गोऱ्या वसाहतवाल्यांसाठी हॉटेले उभी राहिली. 1934 साली अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वे येथे मासेमारीसाठी येऊन राहिला. पुढे इटलीने या गावाच्या उत्तरेला समुद्रात मचाण रोवून 1967 ते 1988 या काळात त्यावरून उपग्रह सोडले. त्या निमित्ताने आलेले इटालियन लोक येथे रमले, त्यांच्यामागून त्यांचे देशबांधव आले, आणि मालिंदीच्या बाजारात स्वाहिलीच्या जोडीने इटालियन भाषा ऐकू येऊ लागली. विश्रांतीसाठी येणारा प्रवासी सकाळी पोहतो, दुपारी निजतो आणि संध्याकाळी वाटाड्याला म्हणतो, चल, गाव दाखव.

वाटाडा त्याला प्रथम नेतो तो समुद्रात घुसलेल्या एका खडकाळ टोकावर. तेथे पोवळ्याच्या दगडांचा, चुन्याने पांढरा केलेला, वर निमुळता होत गेलेला एक स्तंभ उभा आहे. त्याच्या डोक्यावर लिस्बनहून आणलेल्या दगडाचा क्रूस आहे. हा वास्को द गामाचा स्तंभ. प्रवासी छायाचित्र काढतो, वारा खातो आणि परततो. आपण मात्र येथे जरा थांबू. हा दगड येथे आला कसा?

1498 च्या एप्रिलच्या मध्यास, ईस्टरच्या सणाच्या वेळी, वास्को द गामाची तीन जहाजे मालिंदीसमोर नांगर टाकून उभी राहिली. लिस्बन सोडून त्यांना नऊ महिने झाले होते. मोझांबिकला भांडण झाले होते, मोंबाशाला दगाफटक्याचा संशय येऊन ती निसटली होती. हिंदुस्थान पुढे आहे हे त्यांना ठाऊक होते, पण मधले पाणी कसे ओलांडायचे हे जहाजांवरच्या एकालाही ठाऊक नव्हते. मालिंदीच्या राजाने त्यांचे स्वागत केले. या सफरीची एका सहप्रवाशाने लिहिलेली रोजनिशी उपलब्ध आहे. तीत राजाच्या भेटीचे वर्णन आहे. हिरव्या साटिनीची किनार लावलेला किनखापी झगा, डोक्याला भरजरी पागोटे, वर किरमिजी साटिनीची छत्री, आणि वाजवायला माणसाएवढी उंच, कोरीव काम केलेली दोन हस्तिदंती शिंगे. रानटी टोळीच्या नायकाचा हा थाट नव्हे. जगाशी व्यापार करणाऱ्या बंदराचा हा धनी होता.

त्याच बंदरात त्या दिवशी आपल्या देशाची चार जहाजे उभी होती. रोजनिशीकार सांगतो की, हे लोक सावळे, दाढीवाले, केस लांब राखून वेणी घालणारे, गोमांस न खाणारे होते. पोर्तुगीजांनी त्यांना मेरीमातेचे चित्र दाखवले, तेव्हा त्यांनी लोटांगण घातले. झाले! पोर्तुगीजांनी त्यांना ख्रिस्ती ठरवून टाकले. ते ‘ख्राइस्ट’ असा घोष करीत होते असेही तो लिहितो. ते बिचारे ‘कृष्ण, कृष्ण’ म्हणत असावेत, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. एका बाजूला दिसेल त्या देवीपुढे हात जोडणारी माणसे, आणि दुसऱ्या बाजूला हात जोडले म्हणजे आपलेच, असे समजणारी माणसे. या दोन जगांची गाठ पडली ती मालिंदीच्या धक्क्यावर!

आता राजाने या परक्यांचे एवढे आगतस्वागत का केले? त्याचे कारण मोंबाशात होते. मोंबासा हे शेजारचे मोठे बंदर, मालिंदीचे जुने वैरी. मोंबाशाशी ज्याचे बिनसले तो आपल्या कामाचा, हा हिशेब राजाने केला. आणि पाहुणा? तो नऊ दिवस राहिला, पण धन्याने मना केले आहे असे सांगून त्याने किनाऱ्यावर पाऊल ठेवले नाही. राजा आणि गामा यांची भेट होड्यांतून झाली. पुढे, कबूल केलेला वाटाड्या येण्यास उशीर लागताच, गामाने राजाच्या विश्वासातील एका माणसाला जहाजावर अडकवून ठेवले आणि निरोप धाडला की, वाटाड्या पाठवा. वाटाड्या आला, तेव्हा ओलीस सुटला. ज्या मैत्रीचा हा स्तंभ आहे, त्या मैत्रीची सुरुवात अशी झाली.

हा वाटाड्या कोण? रोजनिशीत त्याला नुसते ‘ख्रिस्ती’ म्हटले आहे. त्या काळच्या पोर्तुगीजांनी अनेक हिंदूंना ख्रिस्ती म्हटले, हे आपण आताच पाहिले. पोर्तुगीज बखरकार जुआंव द बारुश त्याला गुजरातेतील मुसलमान म्हणतो आणि त्याचे नाव ‘मालेमो काना’ असे देतो. दुसरे बखरकार ‘कानाका’ लिहितात. सोळाव्या शतकातील एका अरबी ग्रंथात मात्र हे काम अहमद इब्न माजिद या थोर अरब नाविकाच्या माथी मारले आहे, आणि पुष्कळ वर्षे तेच खरे मानले गेले. अलीकडच्या संशोधकांना ते पटत नाही.

‘मालेमो काना’ हे मुळी नावच नव्हे. ‘मुअल्लिम’ म्हणजे शिकवणारा, जाणता. गुजराती खलाशांच्या बोलीत जहाजाची दिशा पाहणाऱ्याला ‘मालम’ म्हणतात तो हाच शब्द. आणि ‘कानाका’ म्हणजे आपला ‘गणक’, ताऱ्यांचे गणित करणारा. म्हणजे ‘जाणते गणकबुवा’ म्हटल्यासारखे हे झाले. हुद्दा राहिला, हुद्देदार हरवला.

बारुश आणखी एक मौजेची गोष्ट सांगतो. गामाने या माणसाला आपले लाकडी आणि धातूचे वेधयंत्र मोठ्या ऐटीने दाखवले. त्याला काही नवल वाटले नाही. तांबड्या समुद्रातले नाविक अशी पितळी यंत्रे वापरतातच, असे तो म्हणाला. आपल्याकडचे साधन फळ्यांचे होते. हाताच्या अंतरावर लहानशी लाकडी फळी धरायची, तिची खालची कड क्षितिजाला आणि वरची ताऱ्याला भिडवायची, आणि गाठी मारलेल्या दोरीवरून ताऱ्याची उंची मोजायची. शिवाय हिंदुस्थानच्या सबंध किनाऱ्याचा नकाशा त्याच्याजवळ होता. गामा ज्याचा शोध लावायला निघाला होता, ते या माणसाच्या बोचक्यात गुंडाळून ठेवलेले होते.

24 एप्रिलला जहाजे निघाली. मालिंदी विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने तेथून ध्रुवतारा दिसत नाही. पाच दिवसांनी, 29 एप्रिलला, तो पुन्हा दिसू लागल्याची नोंद रोजनिशीत आहे. तेविसाव्या दिवशी जमीन दिसली, आणि 20 मे रोजी कालिकतच्या किनाऱ्याजवळ नांगर पडले.

यात दैवी असे काही नव्हते. वर्षातून दोनदा उलटसुलट वाहणारे मोसमी वारे ही या समुद्राची सार्वजनिक वाहनव्यवस्थाच होती. स्वाहिली लोक हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्याला ‘कास्काझी’ म्हणतात आणि आपल्याला पाऊस आणणाऱ्या नैऋत्य वाऱ्याला ‘कुसी’. कास्काझीवर गुजरातचे कापड आणि मणी तिकडे जात, कुसीवर तिकडचे हस्तिदंत इकडे येई. ‘गारी’, ‘लाकी’, ‘चपाती’, ‘दुका’ हे स्वाहिली शब्द ऐकावेत. गाडी, लाख, चपाती आणि दुकान यांना वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

वाटाड्याची किंमत किती होती हे कळले ते परतीच्या वेळी. गोव्याच्या दक्षिणेला, कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून गामा 5 ऑक्टोबर 1498 रोजी निघाला. वारा प्रतिकूल होता आणि वाऱ्याचे वेळापत्रक सांगणारा जाणता आता सोबत नव्हता. जे पाणी तेवीस दिवसांत ओलांडले, ते परत ओलांडायला तीन महिन्यांना तीन दिवस कमी लागले. हिरड्या सुजून, अंग काळेनिळे पडून तीस माणसे गेली. एकेका जहाजावर काम करण्याजोगे सातआठ जण उरले. 7 जानेवारी 1499 रोजी ती मालिंदीला लागली. राजाने मेंढ्या पाठवल्या, आजाऱ्यांना संत्री पाठवली. रोजनिशीप्रमाणे याच वेळी गामाने राजाकडे आपल्या धन्यासाठी एक हस्तिदंत मागितला, आणि मैत्रीची खूण म्हणून किनाऱ्यावर एक स्तंभ उभारू देण्याची विनंती केली. राजाने दोन्ही मान्य केले. श्रोतेहो, हा स्तंभ विजयाचा नव्हे. मरणाच्या दारातून ज्यांनी ओढून काढले, त्यांच्या अंगणात उभा केलेला तो दगड आहे.

आता या मैत्रीचा पुढचा जमाखर्च पाहू. सहा वर्षांनी, 1505 मध्ये, पोर्तुगालचा पहिला व्हाइसरॉय फ्रांसिस्कु द आल्मेदा मोठे आरमार घेऊन हिंदुस्थानाकडे निघाला आणि वाटेत त्याने मोंबासा जाळले. त्या वेळी मोंबाशाच्या राजाने मालिंदीच्या राजाला, म्हणजे आपल्या वैऱ्याला, एक पत्र लिहिले. एक मोठा सरदार गावावरून आग ओकीत गेला, त्याने बाई पाहिली नाही, मूल पाहिले नाही, प्रेतांच्या दुर्गंधीने गावात शिरवत नाही, तेव्हा तुम्ही सावध असा, असा त्या पत्राचा आशय आहे. इतके सोसल्यावर वैऱ्याला सावध करण्याची बुद्धी त्या राजाला झाली! मालिंदीच्या दरबारात हे पत्र वाचले गेले तेव्हा कोणाच्या मनात काय आले असेल ते इतिहासात लिहिलेले नाही. पोर्तुगीजांशी मैत्री चालूच राहिली, एवढे मात्र लिहिलेले आहे.

वाटाडा आता दुसरे स्थळ दाखवतो. गवती छपराचे, चार भिंतींचे एक चिमुकले प्रार्थनामंदिर आणि भोवती थोडी थडगी. 1542 मध्ये हिंदुस्थानाकडे जाताना फ्रान्सिस झेवियर येथे उतरला आणि जहाजावर मरण पावलेल्या एका माणसाचे दफन त्याने येथे केले. ज्या झेवियरचा देह आपण गोव्याच्या बॉम जेझूच्या देवळात पाहतो, तोच हा. गोव्याला पोहोचल्यावर लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, मालिंदीतल्या एका प्रतिष्ठित मुसलमान गृहस्थाने त्याच्याजवळ खंत व्यक्त केली. गावात सतरा मशिदी आहेत, पण लोक जातात त्या तिनांतच. आपल्या गावातल्या वृद्धांची तक्रार आपण ऐकतोच. ती किती जुनी आणि किती दूरवरची आहे पाहा!

1593 मध्ये पोर्तुगीजांनी मोंबाशाला ‘येशूचा किल्ला’ बांधायला घेतला. मोंबासा पडले होते, आणि बक्षीस म्हणून मालिंदीच्या सुलतानाला मोंबाशाच्या गादीवर बसवले गेले. शतकाचे वैर फळाला आले. पण फळ कसले? सुलतान गेला, त्याच्यामागे दरबार गेला, व्यापार गेला, आणि मालिंदी ओस पडू लागले. नव्या गादीवर सुलतानाचा मुलगा हसन आला, तेव्हा किल्ल्याच्या पोर्तुगीज कप्तानाशी त्याचे बिनसले. तो मुख्य भूमीवर पळाला. 1614 मध्ये पैसे चारून त्याचा खून करवण्यात आला आणि त्याचे मुंडके गोव्याला पाठवले गेले.

हसनचा लहान मुलगा युसुफ यालाही गोव्याला नेण्यात आले. त्याचा बाप्तिस्मा झाला, नाव ठेवले दों जेरोनिमु. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी त्याला वाढवले. त्यांच्या मठाचा भग्न मनोरा जुन्या गोव्याच्या टेकडीवर आजही उभा आहे, आणि आपल्यापैकी अनेकांनी त्याच्यासमोर छायाचित्र काढून घेतले असेल. ज्या नगरात बापाचे मुंडके आले, त्याच नगरात मुलगा प्रार्थना शिकला. मोठा झाल्यावर त्याला मोंबाशाचा राजा म्हणून परत पाठवले. 16 ऑगस्ट 1631 रोजी तो किल्ल्यात गेला, कप्तानाला त्याने भोसकले, किल्ला घेतला, आणि तेथील पोर्तुगीज व त्यांच्या धर्माचे लोक यांची कत्तल केली. निरपराध बायामुलेही त्यातून सुटली नाहीत, हे सांगितलेच पाहिजे. गोव्याहून आलेल्या आरमाराला तो दाद देईना, पण 1632 मध्ये किल्ला सोडून तो समुद्रावर गेला, चाचेगिरी करीत फिरला, आणि 1638 मध्ये तांबड्या समुद्राच्या बाजूला मेला. किरमिजी छत्रीखाली पाहुण्याला सामोऱ्या गेलेल्या मालिंदीच्या गादीचा शेवट असा झाला. त्या किल्ल्यावरची पोर्तुगीज सत्ता 1698 मध्ये, सुमारे पावणेतीन वर्षांच्या वेढ्यानंतर, ओमानच्या अरबांनी संपवली. गामा आला त्याला तेव्हा दोनशे वर्षे झाली होती.

पुढे मालिंदी दीर्घकाळ जवळजवळ उजाड राहिले. 1861 मध्ये झांझिबारच्या सुलतानाने ते पुन्हा वसवले, पण कशाच्या बळावर? गुलामांच्या. आतल्या प्रदेशातून धरून आणलेल्या माणसांनी येथे ज्वारी आणि तीळ पिकवले. केनियात गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती 1907 मध्ये. आजच्या हॉटेलांच्या आसपासच्या जमिनीत त्यांचा घाम मुरला आहे. त्यांचेही स्मारक वाटाडा सहसा दाखवत नाही.

आता, श्रोतेहो, वाटाड्याला रजा देऊ आणि आपण आपल्या पायांनी जुम्मा मशिदीपाशी जाऊ. मशिदीच्या शेजारी, समुद्राकडे तोंड करून, दुसरा एक स्तंभ उभा आहे. तोही पोवळ्याच्या दगडाचा. ही स्तंभकबर होय. मोठ्या माणसाच्या कबरीवर उंच खांब उभारण्याची ही स्वाहिली रीत आहे, आणि येथील कबरी गामाच्या आगमनापूर्वीच्या आहेत. या किनाऱ्यावरच्या काही कबरींच्या खांबांत चिनी मातीची वाडगी जडवलेली आढळतात. चीनशी यांचा संबंध कसा, असे कोणी विचारील. 1415 मध्ये मालिंदीच्या वकिलांनी चीनच्या मिंग बादशहाला एक जिराफ नजर केला होता! गामाचा जन्मही तेव्हा झाला नव्हता.

मालिंदीच्या दक्षिणेला, वाटामू गावाजवळच्या रानात, गेडी नावाचे उद्ध्वस्त नगर आहे. 1948 पासून जेम्स कर्कमन यांनी तेथे दहा वर्षे उत्खनन केले. तट, राजवाडा, मोठी मशीद, विहिरी, दगडी घरे, आणि हिजरी 802 म्हणजे इ. स. 1399 हे साल कोरलेली कबर त्यांना सापडली. घरांची नावे त्यांनी सापडलेल्या वस्तूंवरून ठेवली. एक ‘कात्रीचे घर’, एक ‘चिनी वाडग्याचे घर’. राजांची नावे गेली, पण कोणा गृहिणीची कात्री राहिली. चमत्कार असा की, इतक्या जवळच्या मालिंदीत शंभर वर्षे वावरलेल्या पोर्तुगीजांच्या कागदपत्रांत या नगराचा पत्ता लागत नाही. ज्याने लिहिले त्याला दिसले नाही, आणि ज्यांना दिसत होते त्यांचे लेख उरले नाहीत. सतराव्या शतकात नगर ओस पडले आणि झाडांनी ते गिळले. या गेडीला 2024 च्या जुलैमध्ये जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. तो निर्णय ज्या बैठकीत झाला, ती आपल्या नवी दिल्लीत भरली होती.

येथे कोणी आम्हांस म्हणेल, त्या गणकाने वाट दाखवली म्हणूनच हे सारे घडले, मग त्याचे कौतुक कशाला? पोर्तुगीज आपल्या गोव्यात आले, साडेचारशे वर्षे बसले, 19 डिसेंबर 1961 ला गेले. त्या घरफोडीला वाट दाखवणारा हाच ना? आम्हांला हा आरोप मान्य नाही. त्याने आपला धंदा केला. ज्या समुद्रावर तो वाढला, त्याला कोणी मालक नव्हता. वाट विचारणाऱ्याला वाट सांगावी, हा तेथला धर्म होता. या पाण्यावरून जाण्यासाठी आमचा परवाना घ्या, नाहीतर जहाज बुडवू, असे म्हणणारा कोणी त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. वाट वाईट नव्हती, तिच्यावरून आलेल्या तोफा वाईट होत्या. आणि हिशेब चुकला असेल तर तो राजाचा चुकला. शेजाऱ्याला नमवण्यासाठी त्याने परक्याला घरात घेतले, शेजारी नमला, आणि मग घर आपले राहिले नाही. त्यालाही आम्ही सरसकट दोष देणार नाही. बलाढ्य शेजाऱ्याच्या सावलीत जगणाऱ्या लहान गावाला फारशा निवडी नसतात. पण मोंबाशाचे ते पत्र त्याच्या हातात होते, एवढे मात्र विसरता येत नाही.

तात्पर्य काय? स्मारक म्हणजे इतिहास नव्हे. स्मारक ही इतिहासातल्या एका पक्षाची जबानी आहे. ती ऐकावी, पण दुसऱ्या पक्षाला विचारल्याशिवाय निकाल देऊ नये. कोणताही स्तंभ पाहताना दोन प्रश्न मनात असावेत. हा कोणी उभारला, आणि कोणाच्या अंगणात उभारला? एवढे दोन प्रश्न सोबत घेतले की प्रवासखर्चाचे चीज होते.

मालिंदीच्या जवळच्या त्या समुद्रातल्या मचाणावरून 12 डिसेंबर 1970 रोजी, केनियाच्या स्वातंत्र्यदिनी, एक उपग्रह सोडण्यात आला. डोळ्यांना न दिसणाऱ्या क्ष-किरणांवरून आकाशातील ताऱ्यांचे वेध घेणे हे त्याचे काम होते. त्याचे नाव ‘उहुरू’ ठेवले, स्वाहिलीत ‘स्वातंत्र्य’. आम्हांला ते वाचताना लाकडी फळी हातात धरून ताऱ्याची उंची मोजणारा तो गणक आठवला. त्याच्या नावाचा दगड मालिंदीत नाही, आपल्याकडे नाही, लिस्बनमध्येही नाही. आपल्यापैकी कोणी कधी मालिंदीला गेलाच, तर त्या पांढऱ्या स्तंभापाशी जरूर जावे, छायाचित्रही काढावे. मग घटकाभर स्तंभाकडे पाठ करून समुद्राकडे पाहावे. त्या माणसाची खूण आहे ती तिकडे आहे.